सहा गुंठ्यांचा अभंग : कामाची वही

१४ ऑक्टोबर २०२४

शाळेच्या मागची सहा गुंठे जागा आजपासून आपल्याकडे. काळी जमीन, कोपऱ्यात दगडी विहीर, तिच्यावर तीन एचपीची मोटर, बांधाला दोन कडुलिंब. नांगरट झाली आहे, पण कुंदा आणि हरळी ही तणं इतकी आहेत की वेचायला आठवीचा अख्खा वर्ग लागेल.

प्रकल्पाचं नाव सरांनी ठेवलं : अभंगबाग. संतांच्या अभंगांत आणि ओव्यांत जी पिकं, फुलं, झाडं येतात ती लावायची, प्रत्येकापुढे तो चरण लिहिलेली पाटी रोवायची. सावता माळ्यांचं गाव अरण आमच्यापासून सायकलच्या अंतरावर, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. पुढच्या साली त्यांच्या पुण्यतिथीपर्यंत, म्हणजे आषाढ वद्य चतुर्दशी, २३ जुलैपर्यंत, बाग उभी राहिली पाहिजे.

रोपं, मशागत, पाणी माझ्याकडे. रोपवाटिका चालवते म्हटल्यावर ते ओघानं आलंच. पाट्यांचा मजकूर सरांकडे. त्यांनी अर्थ लावायला एक सूत्रही तयार करून आणलंय : रोप म्हणजे भक्त, माळी म्हणजे देव, पाणी म्हणजे कृपा, तण म्हणजे षड्‌रिपू. ‘ताई, एवढं लक्षात ठेवलं की कुठलाही अभंग उलगडतो.’ मला बरंच वाटलं. सूत्र असलं की काम लवकर आवरतं.

खर्च : नांगरट ९०० रुपये. शेणखत घरचं.

१९ ऑक्टोबर

पहिलीच पाटी अडली.

‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥ लसूण मिरची कोथिंबिरी । अवघा झाला माझा हरी ॥’ सर खाली अर्थ लिहायला बसले आणि पेन तोंडात धरून बसूनच राहिले. इथे रोप भक्त नाही, रोपच देव आहे. माळी देव नाही, माळी तर सावता स्वतः. आणि पाण्याचं नावच नाही. सूत्रातलं एकही खातं जुळेना. शेवटी सर म्हणाले, हा अपवाद.

माझी अडचण वेगळी. पुढच्या चरणात ऊस, गाजर, रताळूही आहेत. अभंगातली ही सगळी पिकं मी हंगामाप्रमाणे मांडली. लसूण आणि गाजर थंडीचे. कांदा आत्ता बी टाकला तर उन्हाळ्याच्या तोंडाला निघणार. रताळ्याचे वेल पावसाळ्याच्या सुरुवातीला. ऊस वर्षभराचा. मुळा आणि कोथिंबीर दीड महिन्यात हातात, वर्षभर कधीही. म्हणजे हा अभंग एका दिवशी एका जागी उभा दिसणारच नाही. जुलैत लोक येतील तेव्हा गाजराच्या वाफ्यात गाजर नसेल.

आण्णांना सांगितलं (वडील, ८१ वर्षं, जन्म गेला मळ्यात). ते म्हणाले, ‘मग ते वर्षाचं गाणं आहे. वर्षभर म्हणायचं.’

२७ ऑक्टोबर

आज लसूण लावला. वीस सेंटिमीटर पसरट वरंब्यावर, पाकळीचं टोक वर, दोन-तीन सेंटिमीटर खोल, चार बोटं अंतर. पोरांनी पहिल्या दोन ओळी उलट्या टोचल्या, परत उपसून लावाव्या लागल्या. एकीनं विचारलं, उलटी लावली तर काय होतं? उगवते, पण कोंब वळसा घेऊन वर येतो आणि गड्डा वेडावाकडा होतो. दहा पाकळ्या मुद्दाम उलट्या ठेवल्या, बघू दे त्यांना.

दुपारी मिरचीवरून वाद. तो नीट लिहून ठेवते, कारण पुढे परत निघणार.

मिरची अमेरिकेची. आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांबरोबर, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ मध्ये. सावता माळ्यांची समाधी शके १२१७ ची, म्हणजे १२९५. दोनशे वर्षांचं अंतर. म्हणजे सावतोबांच्या मळ्यात मिरची असणं शक्य नाही. हे मी बोलले आणि सरांचा चेहरा उतरला. मला काही मोठेपणा मिळवायचा नव्हता. रोपवाल्यांना कुठलं पीक कुठून आलं ते ठाऊक असावं लागतं, एवढंच. रताळ्याचंही तेच. आपण उपासाला खातो ते गोड रताळू अमेरिकेचंच. नाव मात्र जुनं, रक्तालू म्हणजे तांबडा कंद, ते पूर्वी इथल्या दुसऱ्या कंदाचं होतं. पीक बदललं, नाव राहिलं.

सर विचार करून म्हणाले, सावतोबांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून घेतले अशी परंपरा. पण त्यानंतर ते शेकडो वर्षं तोंडांतोंडी फिरले. गाणाऱ्यानं आपल्या मळ्यात जे होतं ते घातलं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशाच घुसलेल्या पाठांमुळे. आळंदीला अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठाला लागली, ती नाथांनी काढली, ही कथा तर सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, म्हणजे नाथांनी खुरपणी केली. सर हसले. मग विचारतात, ‘आता सांगा, मिरची तण की पीक?’

ठरलं नाही. पण घरी येऊन मोजलं : एकादशीच्या ताटातलं साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, यातलं एकही मूळचं इथलं नाही. तरी एकादशी मोडली असं कोणी म्हणत नाही.

५ नोव्हेंबर

कांद्याच्या बियाची उगवण मोजली. ओल्या बारदानात १०० बिया दहा दिवस ठेवल्या होत्या. उगवल्या ३१. कांद्याचं बी वर्षभरात मरतं, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. पाकिटावरच्या तारखेवर किमतीचं लेबल चिकटवलेलं. दुकानात गेले तर म्हणतात पाणी जास्त झालं असेल. बारदानात! पैसे परत नाहीत. माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून घरचं बी आणलं, त्यातलं ८८ उगवलं. उद्या गादीवाफ्यावर टाकणार. हंगाम पंधरा दिवस मागे गेला.

सर मात्र खूश. त्यांना तुकोबांची पाटी सापडली : ‘बीज भाजुनी केली लाही । आम्हा जन्ममरण नाही ॥’ म्हणाले, भाजलेलं बी उगवत नाही, तसा भक्त परत जन्माला येत नाही. पोरांनी लगेच ज्वारीच्या लाह्या करून एका डब्यात पंचवीस लाह्या आणि दुसऱ्यात पंचवीस दाणे पेरले. लाह्या तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी नेल्या. उरलेल्या लाह्या पोरांनी खाल्ल्या.

माझ्या मनात मात्र वेगळंच राहिलं. ज्या गोष्टीसाठी मी दुकानदाराशी भांडून आले, तीच तुकोबांना हवी आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं न उगवणारं बी म्हणजे बुडवणूक. त्यांनी नेमकं तेच मोक्षाचं चिन्ह केलं. बोल्होबांचा मुलगा, महाजनकी आणि दुकान सांभाळलेला माणूस. बियाचा हिशेब त्यांना कळत नव्हता असं कसं म्हणावं? कळत होता म्हणूनच असं लिहिता आलं असेल.

आणि सूत्र परत बसलं नाही. रोप म्हणजे भक्त म्हणावं तर इथला भक्त रोपच होत नाही.

१२ नोव्हेंबर

कार्तिकी. कोणी आलं नाही. उसाची लागण मी आणि आण्णांनी केली, दोन डोळ्यांची टिपरी, वाण को ८६०३२.

२ डिसेंबर

गाजर उगवलं, विरळणी केली. मुळ्याची पहिली काढणी, ४६ जुड्या, सगळ्या शाळेच्या पोषण आहारात. पाटीवर अजून फक्त ‘मुळा’.

सरांच्या यादीत गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ आहे. वर मूळ, खाली फांद्या. मी सांगितलं की उलटं झाड मला लावता येणार नाही. शिवाय तो लावायचा नाहीच, तो वैराग्याच्या शस्त्रानं तोडायचा आहे. प्रार्थनेच्या बागेत तोडायचं झाड! सरांनी यादीतून खोडलं. नंतर परत लिहिलं. नंतर परत खोडलं.

८ जानेवारी २०२५

मोगरा छाटला. दोन वर्षांची बारा झाडं नोव्हेंबरात कुंडीतून जमिनीत आणली होती, महिनाभर पाणी तोडलं होतं. आज गुडघ्याच्या खाली छाटून, सुकी-रोगट काडी काढून, खोडाभोवती चर देऊन शेणखत घातलं आणि पाणी सुरू केलं. पोरांना हे फार दुष्ट वाटलं. एक मुलगी म्हणे, ‘ताई, देवाचं झाड आहे ना?’

‘इवलेंसे रोप लावियेलें द्वारीं । त्याचा वेलु गेला गगनावरी ॥’ ही पाटी रंगवून तयार आहे. एका पोरानं विचारलं की मोगऱ्याचं झुडूप असतं, वेल कुठून आला? प्रश्न बरोबर. आपल्याकडे वेली मोगरा असतो, मांडवावर चढतो. बटमोगरा मात्र झुडूप. मी त्याला उद्या रोपवाटिकेतून वेली मोगरा आणून दाखवते म्हटलं. एक वेल लिंबाच्या बुंध्याशी लावून टाकू.

पण या अभंगातली खरी माळ्याची ओळ ती नव्हेच. ती पहिली : ‘फुले वेंचितां बहरु कळियांसी आला’. वेचलं तर कळ्या येतात. फुलं झाडावरच ठेवली, सुकू दिली, तर झाड थंड पडतं. मोगऱ्याच्या बागेत रोज पहाटे तोडणी का करतात ते ज्यानं पाहिलंय त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. सरांना सांगितलं तर ते वहीत लिहायला लागले. मला जरा लाजल्यासारखं झालं.

११ फेब्रुवारी

काल रात्री साडेअकरापर्यंत दारं धरलं, म्हणजे वाफ्यांना पाणी दिलं. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. शाळेच्या मोटरीला तीच लाईन. पाणी देणारा पोरगा आजारी, कांदा ऐन फुगवणीला. मी, आण्णा आणि सर. सर हट्टानं आले. पायात बूट घालून आले, ते पहिल्या दहा मिनिटांत पाटात गेले.

मोटर चालू केली की पाटात आधी पाणी येत नाही, पाला येतो. सुका लिंबाचा पाला, काड्या, फेस, बुडालेले किडे, असं सगळं ढकलत पाण्याचं तोंड येतं. कोरड्या पाटात ते दोन हात पुढे येतं, थांबतं, जमीन पिते, मग परत पुढे. बॅटरीच्या उजेडात काळ्या मातीच्या भेगांतून बुडबुडे निघत होते आणि चुरचुर आवाज येत होता. मुंग्या अंडी घेऊन वरंब्यावर पळत होत्या. पहिला वाफा भरला की खोऱ्यानं त्याचं दार बांधायचं आणि पुढच्याचं मोडायचं. एक ढेकूळ इकडं, एक तिकडं. तेवढंच काम, पण डोळा लागला की वाफा फुटतो.

तिसऱ्या वाफ्याला पाणी जाईना. भरतंय भरतंय आणि पुढे सरकतच नाही. उंदराचं बीळ. सगळं पाणी त्यातून शेजारच्या पडीक तुकड्यात चाललेलं. सरांनी बिळात हात घालून माती कोंबली, वर स्वतःचा एक बूट कोंबला. (बूट अजून तिथेच आहे.)

मग बांधावर बसलो असताना त्यांनी ज्ञानेश्वरीतली ओवी म्हटली. बाराव्या अध्यायातली, १२० वी. ‘माळियें जेउतें नेलें । तेउतें निवांतचि गेलें । तया पाणिया ऐसें केलें । होआवें गा ॥’ देव अर्जुनाला सांगतोय : तुला अभ्यासही जमत नसेल तर कर्मं करत राहा, पण माळी नेईल तिकडे गुमान जाणाऱ्या पाण्यासारखा हो.

मी म्हटलं, सर, आत्ता बघितलंत ना निवांत पाणी कसं जातं ते? बुटासकट?

आण्णा एवढा वेळ गप्प होते. म्हणाले, ‘पाणी निवांतच असतं. ते उताराला जातं. बीळ होतं म्हणून बिळात गेलं. उतार माळ्यानं काढायचा असतो.’

आम्ही दोघंही गप्प. नंतर सरांनीच विषय काढला, की या ओवीत भक्त रोप नाही, फळ नाही, फूल नाही. भक्त पाणी आहे. आणि त्याला माहीतही नाही की तो कांद्याला चाललाय की मुळ्याला. पीक दुसऱ्याचंच येणार, पाणी जिरून जाणार. सूत्रात त्यांनी पाण्याला कृपा म्हटलं होतं. ज्ञानदेवांनी त्याला माणूस केलं.

‘सूत्र फाडून टाकतो,’ म्हणाले. मी म्हटलं ठेवा, मागची बाजू कोरी आहे.

नंतर साडेअकराला लाईट गेली. चार वाफे राहिले. ते आज.

१४ फेब्रुवारी

मिरचीचा निकाल. वाफ्यात नाही, बांधावर लावायची. पाटीवर चरण जसा गातात तसाच. खाली बारीक अक्षरात : ‘ही सावतोबांच्या नंतर आली.’ सरांनी लिहिलं, मला आवडलं. आज ४० रोपं लावली.

गाजर काढलं. पाच चांगली गाजरं बियाला सोडली.

१६ मार्च

लसूण निघाला. पात पिवळी पडून माना पडल्या होत्या. पोरांनी उलट्या लावलेल्या दहा पाकळ्या आठवणीनं शोधल्या. माना वाकड्या, गड्डे एका अंगाला फुगलेले. एका पोरीनं ते वेगळे बांधले. सगळा लसूण पातीसकट जुड्या बांधून वर्गाच्या मागच्या पडवीत टांगला. आता तो वर्गाला वास देतोय, मुख्याध्यापकांनी तक्रार केली आहे.

मोगऱ्याला कळ्या. पहिल्या ओंजळीचा गजरा एका शिक्षिकेच्या केसात गेला, देवापर्यंत पोचला नाही. सर म्हणाले चालेल.

१३ एप्रिल

मोटेचा दिवस. फसला, पण नोंदवते.

अभंगात पुढे आहे : ‘मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी ॥’ विहीर आहे, मोट हवी. कातडी मोट आता कुठून आणणार? आण्णांनी शेजारच्या वस्तीवर एक लोखंडी मोट शोधली. गेली चाळीस वर्षं ती म्हशीला पाणी पाजायच्या कामी होती, तळाला छिद्रं. वेल्डिंग केलं, ६५० रुपये. सोंड फाटलेली, तिथे जाड कॅनव्हास शिवला.

आण्णांनी पोरांना समजावलं ते इथे लिहिते, कारण पाटीवर एवढं मावणार नाही. मोटेला दोर दोन. जाड तो नाडा. तो मोटेच्या तोंडाला बांधून वरच्या चाकावरून बैलांच्या जूपर्यंत. बारीक तो सोल, सोंडेला बांधलेला, खालच्या कण्यावरून जाणारा. बैल धावेवरून उताराला चालले की दोन्ही दोर एकदम ओढले जातात, मोट वर येते. वर येताना सोंड दुमडून उभी असते म्हणून पाणी सांडत नाही. मोट विहिरीच्या तोंडाशी आली की सोंड थारोळ्यावर, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, लोळते आणि पाणी पाटाला लागतं. सर मध्येच म्हणाले, ‘म्हणजे अभंगात नाडा आणि दोरी वेगळे म्हटलेत ते उगाच नाही!’ आण्णा त्यांच्याकडे असे बघत राहिले की जणू त्यांनी विचारलं पाणी ओलं असतं का. ज्यानं मोट हाकली त्याला ते दोन दोर एकच कसे वाटतील?

बैलजोडी मिळाली, गाडीची. धावेवरून खाली झकास गेली. मोट वर आली, थारोळ्यात पाणी पडलं, पोरं ओरडली. मग बैलांना मागे सरायचं असतं. मोटेचे बैल उलट पावली चढ चढतात, तेव्हा मोट परत खाली जाते. या बैलांनी आयुष्यात मागे पाऊल टाकलेलं नाही. एक बसला, दुसरा वळला. नाडा चाकावरून निसटला आणि मोट धाडकन विहिरीत. आण्णांनी शिव्या घातल्या, त्या लिहीत नाही. शेवटी म्हणाले, पुढं चालायला कोणालाही शिकवता येतं.

मोट गळानं काढली. आता पाटीशेजारी ठेवलीय, पोरांनी तिच्यात चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवलं आहे.

२७ मे

आठवडाभर पाऊस. मे महिन्यात! कांदा काढून शेतात पातीखाली वाळवत ठेवला होता, त्यात पाणी शिरलं. तिसरा हिस्सा नासला. उरलेला वर्गात पसरलाय, सुट्टी आहे म्हणून बरं. गाजराचं बी मात्र पावसाच्या आधीच हाती आलं. छत्र्या सुकून तपकिरी झाल्या होत्या, चोळून पुडी केली, मूठभर.

सरांना फोन केला. त्यांनी विचारलं विठाबाई कशी आहे? मी म्हटलं सडतीय. गप्प झाले, मग म्हणाले मी येतो निवडायला.

कांदा निवडताना मनात आलं ते असं, की ‘अवघी विठाबाई’ म्हणणारा माणूस दरसाल कांदा निवडत असणार. सडका बाजूला, चांगला बाजूला. त्यानं अवघी म्हटलं, तर सडक्याचं काय केलं? आम्ही खतात घातला. त्यानंही तेच केलं असेल.

१८ जून

रताळ्याचे वेल लावले, वीतभर बेणं, दोन डोळे मातीत. शेवंती लावली, पुढच्या मोसमाला. तिची पाटी मला सगळ्यात आवडते : ‘शांति शेवंती फुलली । प्रेम जाईजुई व्याली ॥’ व्याली! गाय व्यायल्यासारखी जुई व्याली. हा शब्द शहरातल्या माणसाला सुचणार नाही.

पाट्या सगळ्या नव्यानं लिहिल्या. वर चरण, खाली पिकाचं नाव आणि लावायचा महिना. अर्थ काढून टाकले. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ची पाटी सरांनी लावू दिली नाही. म्हणाले, ती वृक्षारोपणाच्या प्रत्येक फलकावर असते आणि खड्डा खणून फोटो काढून लोक जातात. तुकोबा त्यात एकांताबद्दल बोलतायत, ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’. एकांत हवा असलेल्या माणसाला आपण सप्ताहभर माइकवर लावतो. मी म्हटलं मग पाटी लिंबाच्या मागे लावा, कोणाला दिसणार नाही अशी. तिथे लावली.

६ जुलै

आषाढी. गावातली दिंडी गेली. खुरपणी बाकी, उद्या.

९ जुलै

खुरपताना पोरांना अरणची गोष्ट सांगितली. देव पळत आला, म्हणाला मला लपव, तर सावतोबांनी खुरप्यानं पोट चिरून आत लपवला. सातवीतला एक जण हातातल्या खुरप्याकडे बघत राहिला. मग विचारतो, ‘धार कधी लावली होती?’

२३ जुलै

बाग ‘उभी’ नाही. जे अकरा जण बघायला आले त्यांना अर्धे वाफे रिकामे दिसले. ऊस डोक्याएवढा, मुळा आणि कोथिंबीर जोरात, मिरचीला शेवटची तोडणी, रताळ्याचे वेल नुसते पसरलेले. गाजराच्या पाटीमागे ओली माती. एका पाहुण्यांनी विचारलं काम अपुरं राहिलं का. सरांनी पाटीवरचा महिना दाखवला.

दुपारी टोपली भरून अरणला गेलो. बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबा मळा सोडून गेले नाहीत, म्हणून त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्याला विठ्ठलाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. टोपलीत अभंग पुरा करायचा पोरांचा हट्ट होता. मेमध्ये वाचलेला कांदा, आज उपटलेला मुळा, मार्चचा टांगलेला लसूण (त्यात एका पोरीनं ते वाकडे गड्डे वर ठेवले), बांधावरची मिरची, कोथिंबिरीच्या सहा जुड्या, उसाचं एक कांडं. गाजर आणि रताळं राहिलं. एक जण म्हणाला बाजारातून घेऊ. पोरींनी नाही म्हटलं. गाजराच्या बियाची पुडी ठेवली आणि रताळ्याचा एक वेल गुंडाळून टोपलीच्या काठाला बांधला. बघणाऱ्याला वाटलं शोभेला बांधलाय.

गर्दी प्रचंड. चिखल. आम्ही रांगेच्या कडेला टोपली टेकवून उभे होतो, तेवढ्यात एका म्हातारीनं वाकून कोथिंबीर उचलली, देठ मोडून वास घेतला.

‘कशी दिली जुडी?’

मी म्हटलं, आजी, विकायची नाही, देवाला आणली.

‘मंग घेऊन उभी का ऱ्हायलीस,’ म्हणत तिनं कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढून टोपलीत टाकली आणि जुडी घेऊन रांगेत पुढं गेली. सर माझ्याकडे बघायला लागले. पाच जुड्या उरल्या होत्या, त्या आत पोचल्या.

जमा : कोथिंबीर १ जुडी, १० रुपये.
खर्च : टेम्पो ४०० रुपये, चहा ११०.
बाकी काम : रताळ्याच्या वेलांना माती लावणे. ऑक्टोबरसाठी लसणाचं बेणं बाजूला काढणे, वाकडे गड्डे सोडून. सरांचा बूट.